निळ्या अंगठ्याचा माल

कारखान्यात त्यांना सगळे चिमूटमामा म्हणत. हजेरीच्या यादीत त्यांचं रीतसर नाव होतं, पण ते वर्षाकाठी एक-दोनदाच कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि तेव्हा मामा स्वतःही क्षणभर इकडेतिकडे बघायचे.

कारखाना पर्लाइट फुलवण्याचा होता. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीतून निघालेली काच. खाणीतून येते तेव्हा ती करडी, रुक्ष रेती असते. रस्त्यावर सांडली तर कोणी झाडूनही घेणार नाही. पण तिच्या कणाकणात पाण्याचा अंश अडकलेला असतो. भट्टीच्या नऊशे अंशांच्या ज्वाळेत ती वरून सोडली की काच मऊ पडते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि कण पंधरा-वीस पट फुगतो. करडी रेती खाली पडायची ती पांढरी होऊन झोताबरोबर वर उडायची. हे सगळं होईपर्यंत माणसाची पापणीही लवत नसे.

गावात असं घर नव्हतं, ज्याचा या मालाशी संबंध आला नाही, आणि असं घरही क्वचितच, ज्याला त्याचं नाव ठाऊक होतं. फळांचा रस गाळायला तो लागे. अतिथंड वायूच्या टाक्यांना दोन भिंती असतात, त्यांच्या मधल्या पोकळीत तो भरत. ओतकामवाले वितळलेल्या लोखंडावर त्याचा थर पसरत, म्हणजे लोखंड लवकर निवत नाही. गच्चीवर ऊन अडवायला, हलका गिलावा करायला, कुंडीतली माती मोकळी ठेवायला, रोपांच्या ट्रेमध्ये मुळांना हवा मिळावी म्हणून, सगळीकडे हाच माल. फक्त प्रत्येकाचा दाणा वेगळा.

आणि प्रत्येक दाण्याला मामांची चिमूट.

ती भानगड अशी होती. ज्योत जास्त लागली किंवा रेती हळू पडली, तर कण प्रमाणाबाहेर फुगतो. दिसायला उलट जास्तच देखणा दिसतो, पांढरा शुभ्र, टपोरा. पण त्याच्या भिंती पातळ होतात आणि ओल्या हातानं दाबला की त्याचं पीठ होतं. भट्टीवरची माणसं त्याला मेलेला माल म्हणत. जिवंत दाणा दोन बोटांत दाबला तर कर्र असा बारीक आवाज करून फुटतो. मेलेला गपचूप जातो. मामा भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली एक चिमूट उचलायचे, उजव्या कानाशी न्यायचे, अंगठा आणि तर्जनी हळूच मिटायचे, आणि डोळे बंद करून सांगायचे. जिवंत म्हणाले की पोत्याच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत बुडवलेला अंगठा उमटायचा. बाजारात लोक कारखान्याचं नाव विसरायचे, पण "निळ्या अंगठ्याचा माल द्या" असं बरोबर मागायचे.

वजनाची तपासणी नव्हती असं नाही. एक लिटरचा पत्र्याचा डबा होता. न आपटता, न हलवता तो भरायचा, वर पट्टी फिरवून सपाट करायचा आणि तोलायचा. पण वजन फसवू शकतं हे मामांनीच एकदा दाखवून दिलं होतं. वीस वर्षांपूर्वी रसाच्या कारखान्यासाठी माल निघाला, वजन तंतोतंत आलं, आणि मामा म्हणाले, "हा मेलाय." सगळे हसले. थोरल्या मालकांनी मात्र चाळणी मारून बघितली. मेलेल्या दाण्यांच्या फटींत भुकटी जाऊन बसली होती आणि तिनं वजन भरून काढलं होतं. ते पोतं रसात गेलं असतं तर गाळण्या चोंदून तिथलं काम दोन दिवस बंद पडलं असतं. त्या दिवशी थोरल्या मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढे वजन लिहायचं, पण चिमूट शेवटची." तेव्हापासून हा कायदा झाला. मामांच्या चालण्यातही त्या दिवसापासून थोडा फरक पडला, असं त्यांची बायको म्हणायची.

त्यांना एकच मुलगी. ती लहान असताना मामा कागदाच्या पुडीत दोन प्रकारचे दाणे घरी आणायचे. तिला डोळे मिटायला सांगायचे, कानाशी चिमूट धरायचे आणि विचारायचे, "जिवंत का मेलेला?" पोर श्वास रोखून ऐकायची. आधी चुकायची, मग चुकेनाशी झाली. आई वैतागायची, "पोरीला बाहुली आणायची सोडून हे काय पांढरं भूस आणता?" मामा म्हणायचे, "बाहुली बोलत नाही. हे बोलतं."

मुलगी मोठी झाली आणि तिनं रोपवाटिका काढली. जावई मालगाडी चालवायचा. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे तीन शेडचा सगळा पसारा हिच्या एकटीच्या अंगावर. पण तिच्या हाताला गुण होता. ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी, कशाचीही रोपं असोत, तिच्या ट्रेमधून उचलली की मुळं पांढरी आणि त्यांच्याभोवतीचा गोळा अखंड निघायचा. माल अर्थातच वडिलांच्या कारखान्यातला. दुसरीकडे स्वस्त मिळतो असं कोणी सांगितलं तर ती म्हणायची, "त्याच्यावर निळा अंगठा आहे का?" तेवढ्यावर विषय संपायचा.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते मामांच्या कानात.

भट्टीचा आवाज बत्तीस वर्षं ऐकल्यावर कान शाबूत राहतील ही अपेक्षाच चुकीची. कारखान्यानं कानात घालायला रबरी बोळे दिले होते. इतर जण घालत. मामांनी ते खणात टाकून दिले होते. "बोळे घातले तर दाणा काय पायानं ऐकू?" असं म्हणायचे, आणि त्यावर भट्टीवर हशा पिकायचा. ज्या कानासाठी बोळे नाकारले तो कान त्या नाकारण्यानंच जात होता, हे त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आधी बारीक आवाज गेले. माणसांचं बोलणं बऱ्यापैकी कळायचं. समोर उभं राहून बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर पूर्णच कळायचं. पण दारावरची बेल ऐकू येईना. बायकोनं तीन बेला बदलल्या. तिसऱ्या वेळी वायरमन म्हणाला, "काकू, बेल ठणठणीत आहे." बायकोनं त्याचे पैसे दिले. मामा म्हणाले, "हल्ली वस्तूच तकलादू निघतात." आणि मग एक दिवस भट्टीखाली त्यांनी चिमूट कानाशी नेली, बोटं मिटली, आणि काहीही आलं नाही. दुसरी घेतली. काहीही नाही. तिसरी घेतली. भोवती चौघे जण नेहमीसारखे थांबले होते.

मामांनी डोळे उघडले. समोर वजनबाई डबा तोलत होत्या. वजनबाई म्हणजे तपासणीच्या बाई. विज्ञान शिकलेल्या, अबोल, आठ वर्षं तिथं काम करणाऱ्या. काट्याची सुई मामांच्या बाजूला होती. सुई पंचाण्णव ग्रॅमवर थांबली. रोपांच्या दाण्याला तेवढंच हवं.

"जिवंत," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून दोन वर्षं मामांनी असंच निभावलं. चिमूट कानाशी न्यायची, डोळे मिटायच्या आधी तिरक्या नजरेनं सुई बघायची, मग तोंड उघडायचं. आणि वरून वजनबाईंना टोमणेही मारायचे. "बाई, तुमच्या काट्याला कान कधी फुटणार?" बाई हसून वहीत आकडा लिहायच्या. ज्या काट्याची थट्टा करत होते त्याच काट्याच्या जिवावर मामा जगत होते, हे जगात एकट्या मामांना माहीत होतं. निदान त्यांची तशी समजूत होती. निवृत्तीला आता सात महिने उरले होते. सात महिने सुई बघायची आणि हार घालून घ्यायचा, एवढाच त्यांचा हिशोब होता.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. भट्टीला नवा, मोठ्या तोंडाचा बर्नर बसला. आणि वजनबाईंना आकडे दाखवणारा नवा काटा मिळाला. त्याला सुई नव्हती. आकडे फक्त बाईंच्या बाजूला उमटायचे.

धाकटे मालक कोणा पाहुण्यांना घेऊन भट्टीवर आले होते. थोरले मालक जाऊन चार वर्षं झाली होती. धाकट्यांना पाहुण्यांसमोर मामांचा खेळ दाखवायची हौस. "ही आमच्याकडची खासियत," ते म्हणाले. "मामा, घ्या चिमूट."

डबा अजून भरायचा होता. मामांनी बाईंकडे पाहिलं. बाई अजून पट्टी शोधत होत्या. पाहुणे थांबले होते. मामांनी चिमूट उचलली, कानाशी नेली, डोळे मिटले. आत नुसता भट्टीचा घुमारा होता.

"खणखणीत," ते म्हणाले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा शाईकडे वळले तेवढ्यात डबा तोलून वजनबाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, अठ्ठावन्न आलंय. फार हलका आहे. एकदा परत बघता?"

मामांना ओठ दिसले. सगळं कळलं. परत बघून काय दिसणार होतं हेही कळलं. धाकटे मालक दोन पावलांवर उभे होते.

"वजन वजनाच्या जागी, बाई. चिमूट शेवटची."

"पण अठ्ठावन्न म्हणजे..."

"बत्तीस वर्षं ऐकतोय मी. तुमचा काटा काल आलाय."

कोणीतरी हसलं. बाईंनी वहीत अठ्ठावन्न लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि डबा पुसून ठेवला. एकशेचाळीस पोत्यांच्या चिठ्ठ्यांवर निळा अंगठा उमटला. ऐंशी पोती गच्चीच्या ठेकेदाराकडे गेली. ती सिमेंटात मिसळून गेली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथं कोणाला काही कळणार नव्हतं. उरलेली साठ पोती मुलीच्या रोपवाटिकेत गेली.

मुलीकडे तेव्हा आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. हरितगृहवाल्या शेतकऱ्यांच्या एका गटाला ढोबळी मिरचीची पन्नास हजार रोपं हवी होती. ही नीट दिली तर दरवर्षीचं काम पक्कं. तिनं तिन्ही शेड त्याच्यासाठी रिकामी केली.

तीन आठवडे झाले आणि रोपं माना टाकू लागली. खोड मातीपाशी काळं पडायचं, दुसऱ्या दिवशी आडवं. एका ट्रेमध्ये दहा, मग तीस, मग अख्खा ट्रे. तिनं रोप उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. ट्रेमधलं मिश्रण दाबलं तर चिखल. पांढरे दाणे कुठे दिसतच नव्हते. पाण्याखाली त्यांचं पीठ होऊन तळाशी जाऊन बसलं होतं आणि पाण्याची वाट बुजली होती. पंधरा दिवसांत पन्नास हजारांतली चाळीस हजार रोपं गेली.

गटाचा पर्यवेक्षक आला. माणूस सज्जन होता, पण त्याला उत्तर पाहिजे होतं. "ताई, मला वर सांगावं लागेल. माल खराब होता की तुमचं पाणी चुकलं? मालाचं असेल तर पुढच्या वर्षी तुम्हालाच काम देऊ. पाण्याचं असेल तर मग माझ्या हातात काही नाही."

म्हणून सगळे धाकट्या मालकांच्या खोलीत जमले. टेबलावर मेलेल्या रोपांचा ट्रे. एका बाजूला मुलगी आणि पर्यवेक्षक, दुसऱ्या बाजूला मालक. वजनबाई वही घेऊन दाराशी. मामांना निरोप धाडून बोलावलं.

मामा आत आले आणि त्यांनी आधी ट्रे पाहिला. चिखलाला बोट लावायचीही गरज नव्हती. बत्तीस वर्षांत शिकलेलं सगळं डोळ्यांना दिसत होतं. माल मेलेला होता. तो मेलेला असताना त्यांनी त्याला जिवंत म्हटलं होतं.

"मामा," धाकटे मालक म्हणाले, "माल तुम्ही पास केलाय. वहीत बाईंनी वजन हलकं लिहिलंय. पण आपल्याकडे चिमूट शेवटची. तुम्ही सांगा."

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात आरोप नव्हता. उलट एक प्रकारचा निर्धास्तपणा होता, आणि मामांना तोच सोसेना. आता बाबा आले, आता खरं काय ते कळेल, असं लिहिलेला चेहरा. एक वाक्य बोलायचं होतं, की मला ऐकू येत नाही. ते बोललं की मुलीचं नाव राहिलं असतं आणि त्यांचं गेलं असतं. निवृत्तीला सहा महिने. वीस वर्षं चालण्यात असलेला तो फरक.

"माल जिवंत होता," मामा म्हणाले. "पाणी हाताबाहेर गेलं असणार. नवीन पोरी कामाला ठेवल्यात तिनं. पाईप सोडून देतात."

मुलीनं विचारलं, "बाबा, चिमूट तुम्ही घेतली होती?"

"घेतली होती."

"स्वतः?"

"स्वतः. मग कोण?"

तिनं मान हलवली. ट्रे उचलला आणि पर्यवेक्षकाला म्हणाली, "चला." मालकांनी एक कागद तयार करून घेतला. माल योग्य होता, असं एका ओळीत. त्यावर मामांची सही, आणि मालकांच्या आग्रहावरून बाजूला निळा अंगठा. वजनबाई वही छातीशी धरून जिन्यावरून खाली गेल्या. मामांच्या टोमण्याची त्यांनी त्या दिवशी वाट पाहिली नाही.

मुलगी रविवारी सकाळी घरी आली. बायको भाजी निवडत होती. मामा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मुलीनं बेल वाजवली होती, दोनदा. दार उघडलं ते आईनं.

"बाबा, पाठ करून बसा."

"काय?"

ती समोर आली आणि परत म्हणाली, "पाठ करून बसा. आपण खेळायचो तसं."

मामांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी खुर्ची फिरवली. बायकोचे हात भाजीत थांबले.

"डोळे मिटा."

मिटले. थोड्या वेळानं कानापाशी बोटांची ऊब जाणवली. बोटं जवळ आली, थांबली, दूर गेली. मग खांद्यावर टकटक झाली. ती समोर वाकून विचारत होती, "कसा आहे?"

मामांनी नेहमीसारखा थोडा वेळ घेतला. "जिवंत आहे. उत्तम."

"आणि हा?" ती परत मागे गेली. परत ऊब, परत टकटक.

"हाही बरा. पहिल्यापेक्षा जरा डावा."

मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि तिनं उजवा हात त्यांच्यापुढे उघडला. अंगठा आणि तर्जनी कोरडी, स्वच्छ. दाणा दाबला की बोटांना पांढरी पूड लागते. ती घरभर माखायची म्हणून तर आई ओरडायची. तिथं काही नव्हतं.

"बोटांत काही नव्हतं बाबा. दोन्ही वेळा."

मामा त्या बोटांकडे बघत राहिले.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं," उत्तर आईनं दिलं. "बेल गेली तेव्हापासून. मला वाटलं भट्टीवर तरी येत असेल. ते म्हणायचे तिथलं वेगळं असतं."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. मग जे बोलली ते मामांना तिच्या ओठांवरून अक्षर न् अक्षर कळलं आणि पुढे आयुष्यभर कळत राहिलं.

"पोतं उघडलं ना, त्याच दिवशी मी चिमूट घेतली होती. सवयच आहे. काहीच आवाज आला नाही. पाच पोत्यांतून घेतली. नाहीच. मग चिठ्ठी बघितली. तुमचा अंगठा होता. मला वाटलं, माझाच कान गेला."

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. तो दोघींना ऐकू येत होता.

"मी पोरींना म्हटलं, भरा. बाबांनी बघितलंय." ती उठली. "उद्या मालकांना एवढंच सांगा, की कान गेलेत. बाकी मला काही नको. माझं पाणी चुकलं नव्हतं, एवढं गटवाल्यांना कळलं तरी पुरे."

"सांगतो," मामा म्हणाले.

"सांगाल?"

"सांगतो म्हटलं ना."

आणि खरोखरच त्यांनी सांगितलं. सोमवारी सकाळी भट्टीवर न जाता ते आधी जिना चढले. टोपी हातात घेतली. रात्रभर जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं, की दोन वर्षं ऐकू येत नाही, तो माल मेलेला होता, मुलीची चूक नव्हती, कागद बदलून द्या.

धाकटे मालक शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, म्हणजे मामांना ओठ दिसावेत.

"बसा मामा. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. दीड वर्ष झालं. तुमच्या मागे उभं राहून तीनदा हाक मारली होती मी."

मामांना वाटलं आपल्याला नीट कळलं नसावं.

"मोठा बर्नर मीच बसवायला सांगितला," मालक पुढे म्हणाले. "माल आपण लिटरवर विकतो. जास्त फुलला की तेवढ्याच रेतीत पोती जास्त निघतात. काट्यावर ते लपत नाही. पण आपल्याकडे काटा शेवटचा नाही ना. चिमूट शेवटची."

"म्हणजे तुम्ही..."

"मी काही केलं नाही. जिवंत तुम्ही म्हणालात. मुलीसमोर पण तुम्हीच म्हणालात. मी तुम्हाला संधी दिली होती की नाही? सगळ्यांसमोर विचारलं." ते थांबले. आवाजात राग नव्हता. एखादं जुनं यंत्र कुठे ठेवायचं हे ठरवावं तसा सूर होता. "कागद गटाकडे गेलाय. आता तुम्ही फिरवलात तर तुमची दोन वर्षांची सगळीच चिमूट खोटी ठरते. मग कसला निरोप समारंभ आणि कसलं काय. विचार करा."

मामा टोपी फिरवत उभे राहिले. मग खाली गेले.

खाली नवा घाणा तयार होता. चौघे जण थांबले होते. वजनबाई डबा सपाट करत होत्या. मामांनी चिमूट उचलली, हात अर्ध्यापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. चिमूट जमिनीवर सांडली.

"बाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "वजन काय आलं?"

बाईंनी आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांना ओठ दिसतील असं तोंड करून म्हणाल्या, "एकसष्ट."

"मेलाय," मामा म्हणाले. "मी अंगठा देणार नाही. मला दोन वर्षं काहीही ऐकू येत नाही."

दोन वर्षं मनात जपलेल्या या वाक्यानंतर काहीतरी कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. काहीही कोसळलं नाही. पोती भरणाऱ्यानं मान खाली घातली. बर्नरवाला म्हणाला, "मामा, ते माहीत आहे सगळ्यांना. आम्ही म्हटलं, जाऊ दे, वर्षभराचा प्रश्न आहे."

दुपारपर्यंत पोती थांबली. दुपारनंतर कार्यालयातून एक शिक्का आला. कागदावरच्या त्या निळ्या अंगठ्यावरूनच बनवलेला, रबरी, लाकडी मुठीचा. तो आधीच करून ठेवलेला असणार, कारण इतक्या लवकर शिक्का तयार होत नाही. पोती भरणाऱ्यानं तो शाईत बुडवला आणि चिठ्ठ्यांवर मारायला घेतला. मामांच्या हातापेक्षा त्याचा ठसा जास्त स्वच्छ उमटत होता.

गटानं पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या रोपवाटिकेला दिलं. मामा स्वतः पर्यवेक्षकाकडे गेले होते, त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बाप मुलीसाठी एवढं तर बोलणारच. पण माझ्याकडे तुमच्याच सहीचा कागद आहे." वजनबाईंनी वहीचं ते पान दाखवायची तयारी दाखवली, तर त्या महिन्यातच त्यांना कामावरून कमी केलं. निरोप समारंभ झाला नाही. मामांनी जाणंच बंद केलं.

मुलीच्या तीन शेडची आता एकच शेड उरली आहे. मामा रोज सकाळी नऊला तिथं जातात आणि ट्रे भरतात. तिनं या म्हटलं नव्हतं. येऊ नका असंही म्हटलं नाही. जेवायच्या वेळी ती त्यांचा डबा बाकावर ठेवते आणि आपला घेऊन पाण्याच्या टाकीपाशी बसते. कामाचं बोलायचं असेल तर समोर येऊन, ओठ दिसतील असं, हळू बोलते. त्याहून जास्त बोलत नाही.

माल ती दुसऱ्या गावाहून मागवते. त्याच्या पोत्यावर कसलीच खूण नसते. बाजारात मात्र निळा अंगठा अजून चालतो. आता तो चिठ्ठीवर नाही, पोत्यावरच छापलेला असतो, हाताएवढा मोठा.

पोतं उघडलं की ती आधी एक चिमूट घेते आणि कानाशी नेते. मामांचे हात ट्रेमध्ये थांबतात. माल जिवंत की मेलेला, हे त्यांना फक्त तिच्या चेहऱ्यावरून कळू शकतं, जसं दोन वर्षं सुईवरून कळत होतं. ती पाठ फिरवते आणि मगच बोटं मिटते.